मोजायची राहिलेली

एका पत्राला मी दहा वर्षं उत्तर दिलं नाही. तेव्हा मी जनगणनेच्या कामावर होतो आणि गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतली माणसं मोजत होतो. एका घरात फॉर्मचे सहाही रकाने भरले, म्हणून सातवी, मागच्या खोलीतली आजी, मी सोडून दिली. एवढ्या गर्दीत एका नावानं काय बिघडतं?

महिन्याभरानं तिचं पत्र आलं. 'तुम्ही मला मोजलं नाहीत. तेव्हापासून घरात माझं ताट वाढत नाहीत. माझं नाव लिहा.'

चूक कबूल करायला मी लाजलो.

काल आमच्या घरी मोजणीवाली मुलगी आली. मी समोरच खुर्चीत बसलो होतो.

"घरात किती जण?"

"चार," सूनबाई म्हणाली.

मी खाकरलो.

"चारच ना?"

मुलगा हसला. "आता पाचवा कुठून आणू, मॅडम?"

संध्याकाळी चहाचे चार कप आले. मी सूनबाईला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

आज उत्तर लिहिलं. 'आजी, चूक माझीच होती. तुमच्याकडे आणखी एकाला जागा आहे का?'

रस्त्यावर नव्या बिऱ्हाडांची तोबा गर्दी होती. कुणाचाही धक्का न लागता मी पेटीपर्यंत पोचलो आणि पत्र टाकलं.