तोफकाकू

“पुढच्या वेळी तवा तापलेला असेल!” माझंच वाक्य दुकानदाराच्या फोनमधून माझ्याच आवाजात वाजलं आणि गिऱ्हाइकं खो-खो हसली. आमची नवराबायकोची भांडणं कुणीतरी चोरून रेकॉर्ड करून ‘तोफकाकू’ नावाने गुपचूप पसरवत होतं. त्या वाक्याचे टी-शर्टही निघाले होते. रेकॉर्डिंगमागे आमचा गळका नळ ऐकू येत होता, म्हणून घरी येऊन न्हाणीघराच्या खिडकीबाहेर हात फिरवला, तर पाइपाला मोज्यात गुंडाळलेला माइक लटकत होता. मोजा शेजारच्या भाडेकरूचा, रोज त्याच्या दोरीवर वाळणारा. दुसऱ्या दिवशी तो माइक घेऊनच मी त्याचं दार ठोठावलं. “काकू, लोक तुमच्यावर फिदा आहेत!” तो चाचरला. “त्या वाक्याआधी ह्यांनी मला थोबाडीत मारली होती. तो आवाज कुठाय?” “कापला. मजा जाते ना.” “म्हणजे ऐकला होतास. मूळ रेकॉर्डिंग आहे?” “आहे.” “मग आण. वकीलबाई जिन्यात थांबल्यात. इतक्या वर्षांच्या संसारात मला साक्षीदार पहिल्यांदाच मिळालाय.”