सगळ्यात जास्त धुराचा

मांस धुरावर शिजवायचा परसातला जुना स्मोकर गंजून गेला, म्हणून म्हातारा सुतार नवा घ्यायला दुकानात आला. विक्रेत्याने विजेवर चालणारा पुढे केला. "काका, डोळे झाकून घ्या. धुराचं नाव नाही."

"मग नको. सगळ्यात जास्त धूर कुठला करतो?"

"तो कोपऱ्यातला. पण काकूंची बोलणी खावी लागतील हं!"

"त्याशिवाय मला घास गोड लागत नाही," सुतार म्हणाला. "तोच बांधून दे."

घरी आल्यावर त्याने स्मोकर मुद्दाम स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मांडला. जन्मभर लाकडात हात घातलेल्या त्या माणसाने जाणूनबुजून ओल्या ढलप्या पेटवल्या. धुराचा लोट सरळ आत घुसला. सुतार खुर्ची ओढून, कान टवकारून बसला. आता आत पातेलं आदळेल, "जाळा एकदाचं घर!" असा आवाज येईल आणि खिडकी धाडकन बंद होईल.

मांसाचा कोळसा झाला, तरी खिडकी उघडीच.

शेवटी तोच उठला, रिकाम्या स्वयंपाकघरात गेला आणि बायको असताना लावायची तशीच, धाडकन आपटून, त्याने खिडकी लावली.