कुसुमचा निकाल

“पास झाली काय गो कुसुम?” बकुळाने विचारलं आणि लगेच जीभ चावली. “नको, सांगू नको. सुरुवातीपासून वाच.”

शैलाने मासिक उघडलं. कादंबरीचा हा शेवटचा भाग. दीड वर्ष दोघी बहिणी या कॉलेजातल्या कुसुमच्या पाठीमागे होत्या. कुसुमची विधवा आई लोकांचे कपडे शिवून तिला शिकवत होती, आणि मधुकर नावाचा एक मुलगा रॅकेट घेऊन तिच्याभोवती घुटमळत होता. मधुकर बकुळाला मुळीच आवडत नसे. भरदुपारी चेंडू खेळायला ज्याला वेळ मिळतो तो संसार काय करणार, असं तिचं मत होतं. शैलाला तो आवडे. त्यावरून दोघींची कडाक्याची भांडणं होत.

रविवारची दुपार होती. खाणावळीत जेवणारे गिरणीतले गडी मांदेलीच्या कालवणावर हात मारून सभेला गेले होते. लालबागच्या चाळीत एवढी शांतता क्वचितच मिळे. बकुळा सुपात तांदूळ घेऊन बसली.

आई गेली तेव्हा बकुळाने तिसरीतून शाळा सोडली आणि आईची खाणावळ चालवायला घेतली. जोडाक्षर आलं की ती अजून अडखळायची. म्हणून वाचायचं शैलाने आणि ऐकायचं बकुळाने. चाळीत मासिकाचा अंक एकच येई. तो आधी दुसऱ्या मजल्यावर सुभद्रावहिनींकडे जाई, कारण चाळीचं वाचनालय त्यांचे यजमान बाबुराव बघत. वहिनी गॅलरीत बसून बायकांना मोठ्याने वाचून दाखवत. तेव्हा तिथून जायची वेळ आली की बकुळा पिठाच्या हातांनी दोन्ही कान झाकून पळे. बायका हसत. हसोत बापड्या. शैलाशिवाय पुढचं ऐकायचं नाही, अशी तिने शैलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

“अगो वाच की!”

शैलाने वहिनींकडून अंक आणताना जिन्यातच सगळं वाचून टाकलं होतं. कुसुम पहिल्या वर्गात पास झाली होती. आईच्या गळ्यात पडून रडली होती. पुढे मधुकरशी लग्न वगैरेही होतं.

आणि शैला कॉलेजच्या इंटरच्या परीक्षेत नापास झाली होती. निकाल लागून पंधरवडा उलटला होता. ‘चळवळीमुळे निकाल लांबलाय,’ असं तिने घरी ठोकून दिलं होतं. त्या वर्षी मुंबईत काहीही लांबलं की चळवळीवर ढकलता येत असे. बकुळानेही विश्वास ठेवला. उलट पंगतीत वाढताना ती रोज गड्यांना सांगे, “आमच्या शैलाचा निकाल तेवढा संयुक्त महाराष्ट्रात अडकलाय बघा.” गडी हसत. शैला पान तसंच टाकून उठे.

‘कुसुम पहिल्या वर्गात आली’ हे शब्द काही केल्या तिच्या तोंडून बाहेर पडेनात. ती वाचायला लागली.

“कुसुमने फळ्यावर आपला नंबर शोधला. तो नव्हता.”

बकुळाचा हात सुपात थांबला.

शैला पुढे वाचत गेली. छापलेल्या ओळींवरून बोट फिरवत, वेळेवर पान उलटत. कुसुम नापास झाली. आईला म्हणाली, निकाल अजून लागायचाय. आई रात्रंदिवस मशीन चालवत राहिली. कुसुम रोज कॉलेजला म्हणून निघे आणि माटुंग्याच्या बागेत बसून राही. तिला स्वतःची किळस येई. सांगावंसं वाटे, पण आईचा चेहरा बघितला की धीर होत नसे.

“संपलं,” शैला म्हणाली. तिने मासिक पटकन मिटलं.

“एवढंच? सांगितलं नाय तिनं आईला?”

“नाही. इथेच संपवलंय.” मग न राहवून तिने विचारलं, “तुला कसा वाटला गं शेवट, आक्का?”

बकुळाने एक खडा वेचून बाहेर टाकला. “आई चुकली.”

“आई? आई कशी चुकली? खोटं तर कुसुम बोलली.”

“बोलली ना. दोन मुस्कटात द्यायला हव्यात तिच्या. पण पोरगी आईकडे तोंड उघडायला घाबरते म्हणजे काय? आईच माझी पोर, माझी पोर करत गावभर मिरवत असेल. मग ती बिचारी सांगणार कोणत्या तोंडानं?”

शैलाने मासिक बाजूला ठेवलं. “म्हणजे… आईने तिला घराबाहेर काढलं नसतं?”

“घराबाहेर कशाला काढेल? मुस्कटात द्यायच्या, मग पानावर बसवून पोटभर वाढायचं. किती वाळली असेल पोर.” बकुळाने सूप खाली ठेवलं. “आणि परीक्षेला पुन्हा बसता येतं ना?”

“येतं.” शैला म्हणाली. आता गप्प बसणं तिला शक्यच नव्हतं. आपल्या बहिणीएवढं साधं माणूस जगात नाही, आणि त्याच माणसाला आपण पंधरवडाभर फसवत आलो, या विचाराने तिला कानकोंडं झालं. ती पुढे सरकली. बकुळाचे पाय धरावेत असं तिच्या मनात आलं.

“आक्का, मला तुला एक सांगायचंय. मी…”

“थांब. आधी मला सांगू दे.” बकुळाने खाली बघत पदराने हात पुसले. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. “तुझी शपथ मोडली गो मी. काल सुभद्रावहिनी शेवट वाचत होत्या, तेव्हा मी कान झाकले नाहीत.”