डाव्या हाताचं प्लास्टर

“अहो मॅडम, पोरीचं हाड शाबूत आहे!” प्लास्टरची ओली पट्टी हातात धरून कंपाउंडर विश्राम तसाच उभा राहिला.

“ठाऊक आहे. तू घाल,” डॉक्टर आसावरी म्हणाली.

ठाण्याच्या अख्ख्या वागळे इस्टेटमध्ये कातडीच्या डॉक्टरने प्लास्टर घातलेलं कुणी ऐकलंय? पण आसावरीचा हट्ट म्हणजे असा, की यम आला तरी त्याने बाहेर बाकावर बसून नंबर लावावा.

समोर कोपरी गावातली स्वीडल. बावीस वर्षांची, मान खाली. डाव्या हातावर सात जखमा, पट्टीने आखल्यासारख्या सरळ. उजवा हात मात्र लख्ख.

“कोळी आहे डॉक्टर, आठ पायांचा, खाडीकडचा. बशीएवढा!” तिची आई बिट्रिस हातवारे करून सांगत होती. “हिचा भाऊ गेला ना, आमचा नॉर्मन, तेव्हापासून घरात शिरलाय. हिलाच चावतो मेला!”

आसावरीने कोळ्याची गोष्ट खोडून काढली नाही. आधीच्या डॉक्टरने स्वीडलला तोंडावर विचारलेलं, “स्वतःच करतेस ना?” पोर तिथून उठली, ती सहा महिने कुठल्या दवाखान्याची पायरी चढली नाही. दोन जखमांच्या सात झाल्या. एक तर हाडाला टेकायला आलेली.

मनाच्या डॉक्टरांच्या नावाने आसावरीने पहिल्याच दिवशी चिठ्ठी लिहिली आणि खणात टाकली. पोर आपणहून बोलेपर्यंत ती बाहेर काढायची नाही.

दर सोमवारी ती स्वतः प्लास्टर कापायची, जखमा पुसायची, नवं चढवायची. आणि जखमा सोडून जगातलं सगळं बोलायची. बोंबलाच्या भावापासून नॉर्मनच्या गिटारपर्यंत. स्वीडल नुसतं हूं म्हणायची. तिसऱ्या सोमवारी बोलणं गिटारपाशी आलं आणि ती हमसून रडली.

पाचव्या सोमवारी हात निघाला तो आंब्याच्या पालवीसारखा, तांबूस, कोवळा.

“बघा, उपाशी मेला कोळी!” म्हणत बिट्रिस रिक्षा बघायला पळाली.

आसावरीने खण उघडला. परत लावला. कात्री धुतली. धुतलेलीच पुन्हा धुतली. थांबायचं म्हणजे थांबायचं.

स्वीडल दारापर्यंत गेली. दार आतून लोटलं आणि परत आली. उजवा हात तिने टेबलावर ठेवला.

“डॉक्टर, तुम्ही चुकीच्या हाताला प्लास्टर घातलेलं.”