लाल दोरा

शाळेच्या बागेतून घाईने तोडून आणलेल्या भाजीची टोपली स्वयंपाकघरात ठेवता ठेवता मुलीने त्यातला सगळ्यात लालभडक टोमॅटो उचलला आणि चावला. दुसऱ्या घासाला तिला देठाशी गुंडाळलेला लाल दोरा दिसला.

दोऱ्याचं फळ बियाण्याचं. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा पहिल्या बागमास्तरांपासूनचा नेम. यंदा करपा रोगाने शाळेच्या या जुन्या जातीची जवळजवळ सगळी रोपं गेली होती, हे एकच फळ धड पिकलं होतं. आणि बियाण्याची राखण या मुलीकडेच होती.

ती घास तोंडात धरून तशीच उभी राहिली. डोळे भरून आले.

मावशींनी हातातला झारा खाली ठेवला. त्या याच शाळेत शिकल्या, आता इथेच रांधत होत्या.

"गिळू नकोस." त्यांनी एक कागद तिच्या हनुवटीखाली धरला. "थुंक."

मुलीने मान हलवली.

"लाज मग वाटून घे. आधी थुंक."

ती थुंकली. मावशींनी उरलेलं फळही चमच्याने कोरलं आणि काहीतरी गुणगुणत एकेक बी बोटाने सुटं करू लागल्या. हात इतका सरावाचा, की मुलगी रडायचं विसरली.

"बागेचे सर हे काम काढून घेतील ना माझ्याकडून?"

"माझं कुठे काढलं? मी तर दोरा तोडून फळ खाल्लं होतं. भूक लागली होती. समोर बघते तर तेव्हाचे बागमास्तर."

"मारलं?"

"ते कसले मारतात. नखांत कायम माती, खिशात सुतळी. हजेरीचाच कागद टरकावला, असा धरला आणि म्हणाले, गिळू नकोस, बाळ." मावशींचं बोट क्षणभर थांबलं. "त्या वर्षीही असं एकच फळ उरलं होतं. आजवर त्याचंच बी चालत आलंय."

मुलीने कागदावरच्या बियांकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं आख्खी शाळा…"

"माझं उष्टं खातेय. सरसुद्धा." मावशींनी कागद खिडकीत, कोवळ्या उन्हात ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला वरवंटा. "आता पुढे तुझं. जा, तोंड धू."

मुलगी नळाकडे वळली.

"थांब," मावशी म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. "चूळ यात टाक. दातात एखादं बी अडकलं असेल."