भाडं उतरेपर्यंत

सकाळी सव्वासात वाजता गाडीचं भाडं पुन्हा चढलं. जावयाने तसं चहाच्या टेबलावर जाहीर केलं.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"कालच्यापेक्षा दीडशेने जास्त."

"मग नाही जात. आले त्या भाड्यातच परत जाईन. काय हो जावईबापू, माणसाने गाडी पकडायची की भाडं?"

"गाडी भरत आली की चढतं, रिकामी राहिली की उतरतं. उतरेल, आई. माझं लक्ष आहे."

आठ दिवसांसाठी आलेल्या सासूबाईंचा मुक्काम दुसऱ्या महिन्यात शिरला होता. कापड गिरणीत तागे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कुणाच्या शब्दावर विश्वास नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख स्वतः वाचत. जावई घड्याळजी, त्याने लावलेलं भिंतीवरचं घड्याळही मनगटावरच्याशी ताडून बघत. त्याची खिडकीजवळची खुर्ची त्यांनी पहिल्याच दिवशी बळकावली होती. संध्याकाळी रमीत त्याला हरवत, आणि वर तो कुठे चुकला तेही समजावून सांगत.

दुकानातही तो सारखा फोन बघे. शेजारचा चष्मेवाला एकदा म्हणाला, "वरचे पैसे मी भरतो बाबा, पण तुझी सुटका होऊ दे."

"घेणार नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्या संध्याकाळी बायकोने स्वयंपाकघरात त्याच्या हातातला फोन सहज ओढून घेतला. बघतच राहिली.

"अरे, हे तर आई आली त्या भाड्याच्या निम्मं आहे. कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून."

"आणि तू रोज चढवतोयस?"

"हळू बोल." त्याने दार लोटलं. "त्या गेल्या की संध्याकाळी तू टीव्ही बघणार आणि मी तुझ्याकडे. शिवाय एक डाव तरी जिंकू दे मला."

तिला हसू आवरेना. "तिला कळलं ना, तर उभा सोलेल तुला."

"कसं कळेल? फोन दाखवा, असं त्या एकदाही म्हणालेल्या नाहीत."

"आई?" बायकोचं हसू थांबलं. "आई म्हणाली नाही?"

बाहेर खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाईंचा फोन वाजला. भाडं आणखी उतरल्याची सूचना होती, रोजच्यासारखी. त्यांनी ती पुसली, फोन पिशवीत तळाशी ठेवला आणि पत्ते पिसायला घेतले.