मुक्या जनावरांसाठी पाणी

लॉजवरून आणलेल्या, पाणी मऊ करणाऱ्या त्या जुन्या सॉफ्टनरमधून हिंमतरावांना तीन गोष्टी मिळायच्या होत्या. बोअरच्या जड पाण्यानं सुनेचे, मोनिकाचे, केस गळत होते आणि ती पुण्याला बिऱ्हाड करायच्या गोष्टी काढत होती. तिचं तोंड बंद होणार होतं. तुरीची डाळ एकदाची शिजणार होती. आणि भूमच्या त्या कोरड्या भागात घरी असलं मशीन बसवणारा पहिला माणूस म्हणून नाव होणार होतं. धाराशिवातला लॉज बंद पडल्यामुळं ते निम्म्या भावात आलं, हा आनंद वेगळाच.

सुरज फिटरनं अंगणात मिठाच्या टाकीचं झाकण काढलं, तशी तारामतीनं पदर नाकाला लावला. तळाला काळा गाळ घट्ट बसला होता. त्यात झुरळं होती, एक वाळलेली पाल होती.

"शी. किती लोकांनी आंघोळी केल्या असतील ह्या पाण्यानं."

"आंघोळी बाथरूममध्ये केल्या असतील, टाकीत न्हाय," हिंमतराव बायकोला म्हणाले.

सुरजनं टाकी घासली, पाईप जोडले, नवं मीठ भरलं आणि शेवटचा पाईप हातात धरून उभा राहिला.

"काका, दर चार दिवसांनी मशीन स्वतःला मिठाच्या पाण्यानं धुतंय. ते पाणी ह्यातनं बाहेर पडतंय. हे गटारातच सोडायचं. झाडाला न्हाय, जनावराला तर न्हायच."

"किती पाणी?"

"दोनशे लिटर धरा. मशीन जुनं हाय, मीठ बी दुप्पट खातंय."

एप्रिल चालू होता. गावात टँकर एक दिवसाआड येत होता. "दोनशे लिटर गटारात?" हिंमतराव हसले. "जनावराला आमी मिठाचा खडा चाटवतोय की रं. कुठं मरतंय?"

सुरजची मोटारसायकल वळणाआड गेली आणि त्यांनी तो पाईप गेटाबाहेरच्या सिमेंटच्या हौदात सोडला. पेंटरकडून पत्रा रंगवून घेतला : 'मुक्या जनावरांसाठी पाणी. सौजन्य हिंमतराव.' हौदापाशी स्वतःची म्हैस उभी करून फोटो काढला. गावच्या ग्रुपवर ऐंशी जणांनी हात जोडले. हा चौथा फायदा मूळ हिशोबात नव्हता.

त्या दिवशी म्हैस हौदातलं थोडं पाणी प्यायली. संध्याकाळी ती पातळ हगायला लागली, रवंथ थांबला. हिंमतरावांनी कुणाला काही सांगितलं नाही. म्हैस आत बांधली आणि तिच्यापुढं घरातल्या नळाची बादली ठेवली. तारामतीनं हे पाहिलं. हौदात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथंच थुंकली.

"पाईप काढा तो," ती आत येऊन म्हणाली.

"पत्रा लावून आठ दिवस न्हाय झाले. काढला तर लोक इचारतील, का काढला. आन् पितंय कोण? जनावराला कळतंय. तोंड लावतंय, फिरतंय."

"तहानलेल्याला कळत न्हाय."

हिंमतराव मोबाइलवरचे जोडलेले हात मोजत होते. पाईप हलका होता. तारामतीला तो एका हातानं उचलून गटारात टाकता आला असता. घरातल्या पुरुषानं लावलेली वस्तू तिनं हलवायची नाही, ही सवय जुनी होती. तिनं दिवसातून दोनदा त्या पाईपाकडं बघितलं, एवढंच.

गुरुवारी भर दुपारी बिराप्पा मेंढ्या घेऊन आला. दर उन्हाळ्यात तो ह्याच वाटेनं जायचा. बत्तीस मेंढ्या, आणि त्यांच्यावर जगणारी पाच माणसं. मेंढ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. त्यानं गेटातून हाक दिली, "मालक, पाजू का?"

रस्त्यावर टँकरची वाट बघत चारजण उभे होते. हिंमतरावांनी आधी त्यांच्याकडं बघितलं.

"पाज की. तुझ्यासारख्यासाठीच केलंय."

उंबऱ्यात उभ्या तारामतीचे ओठ हलले. चौघांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्यानं झालं नाही. मेंढ्या एकमेकींवर चढून पीत होत्या. हौदाचा तळ दिसेपर्यंत त्या हटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बिराप्पा एकटाच आला. काखेत घोंगडी होती. रात्रीत अकरा मेंढ्या तडफडून मेल्याचं गावात कळलं होतं. तारामतीनं ठरवलं होतं : त्यानं एक शब्द जरी विचारला, तरी सगळं सांगायचं. ती ओसरीवर येऊन उभी राहिली.

बिराप्पानं पायताण गेटाबाहेर काढलं.

"अकरा गेल्या, मालक. डॉक्टर म्हणले, ऊन लागलं."

हिंमतराव म्हणाले, "लई वाईट झालं."

"झालं खरं. पर तहानेनं न्हाय गेल्या. सकाळधरनं चार दारांतनं हाकललं होतं आमाला. तुमीच पोटभर पाजलं." त्यानं घोंगडी उलगडली. आत कोकरू होतं. "आईवेगळं झालंय. तुमच्या दारात ऱ्हाऊ द्या. रिकाम्या हातानं कसं यावं?"

हिंमतराव रीतीनं दोनदा नको म्हणाले आणि तिसऱ्यांदा हात पुढं केले. बिराप्पा दिसेनासा झाल्यावर त्यांनी कोकरू तारामतीच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणला.

"ह्याला हौदावर न्हेऊ नको. आतल्या नळाचं पाज."

तारामतीनं आतल्या नळाखाली बादली लावली. मोनिकाचे केस राहिले, डाळ शिजली, पत्र्यावर नाव राहिलं, तारामतीच्या घरात भांडण झालं नाही. ह्या सगळ्याची किंमत एकट्या बिराप्पानं मोजली : अकरा मेंढ्या, वर एक कोकरू, आणि जाताना नमस्कार.